कुकरी स्कूलच्या हॉस्टेलवर राहायला जाताय? बॅग भरण्यापासून सांगते

ॲडमिशन झाली रे झाली की सगळे आधी सुऱ्या बघायला लागतात. कुठली कंपनी, किती इंची, कुठलं स्टील. मीपण तेच केलं होतं, रात्र रात्र जागून व्हिडिओ बघितले होते. आणि पहिल्या आठवड्यात माझी वाट कुणी लावली तर बुटांनी. नवे कोरे, पायाला न सरावलेले, थेट पहिल्या दिवशी घातले आणि तिसऱ्या दिवशी टाचेला फोड घेऊन आठ तास उभी. सुरी झकास होती, पण ती चालवायला उभं राहता आलं पाहिजे ना.

म्हणून हे लिहितेय. स्वयंपाक शेफ शिकवतीलच, त्याचीच तर फी भरलीये. तिथे राहायचं कसं हे मात्र कोणी शिकवत नाही. मी जी पोरं मध्येच ढेपाळताना बघितली ना, त्यातल्या बहुतेकांचा हात चांगला होता, त्यांना झोप, पाय, कपडे आणि घासायची भांडी यांचा मेळ बसला नाही एवढंच. टाइमटेबल प्रत्येक शाळेचं वेगळं असतं, पण दिवसाची चाल सगळीकडे साधारण सारखीच. तर क्रमाने घेऊया.

पायरी १: बॅग भरताना

बूट आधी. पुढून बंद, तळ न घसरणारा, आणि वरचा भाग कापडाचा नको, कारण कापडी बुटावर गरम तेल पडलं की ते आत मुरतं आणि बूट काढेपर्यंत भाजत राहतं. लेसपेक्षा झटकन पाय बाहेर काढता येणारे बरे. शाळा सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून घरात रोज तास-दोन तास घालून फिरा, घरचे हसतील, हसू द्या. जमत असेल तर दोन जोड घ्या आणि दिवसाआड बदला, म्हणजे घामाने ओला झालेला जोड नीट वाळतो. मोजे सुती, आठवडाभर पुरतील एवढे.

कोट शाळा सांगेल तोच घ्यायचा, फक्त किमान तीन तरी हवेत, एक अंगावर, एक वाळत, एक कपाटात. शेफच्या कोटाला पुढे दोन पदर का असतात हे मला फार उशिरा कळलं. एक पदर मळला की दुसरा वर घ्यायचा, पाहुण्यांसमोर जायची वेळ आली तरी कोट स्वच्छ दिसतो. आणि छातीवर काही उडालं तर मध्ये दोन थर असतात. आतला टीशर्ट सुती घाला, सिंथेटिक कापड आचेने वितळून कातडीला चिकटतं.

आता सुऱ्या. आधी शाळेची किटची यादी येऊ द्या, बऱ्याच ठिकाणी किट शाळाच देते आणि मग तुमची हौसेची सुरी बॅगेत पडून राहते. स्वतः घ्यायच्या असतील तर ८ इंची म्हणजे साधारण २० सेंटीमीटरची एक शेफ नाइफ, एक छोटी पेअरिंग नाइफ, एक दातेरी ब्रेड नाइफ, पीलर आणि एक स्टील (म्हणजे पातं घासायची दांडी), एवढ्यात सुरुवातीचे कितीतरी महिने निघतात. प्रत्येक मुठीला रंगीत टेप गुंडाळा. वर्गात वीस सारख्या सुऱ्या असतात आणि संध्याकाळी सगळ्यांना धारदार सुरी आपलीच वाटते. सुऱ्या हॉस्टेलच्या खोलीत ठेवायला परवानगी आहे का तेही विचारून घ्या, कारण कित्येक ठिकाणी त्या किचनच्या लॉकरमध्येच कुलपात ठेवायच्या असतात.

बाकी किरकोळ पण जीव वाचवणाऱ्या वस्तू: खिशात मावेल अशी वही, दोन पेनं, एक परमनंट मार्कर, १५ सेंटीमीटरची पट्टी (हसू नका, पुढे कळेल), टोचायचा डिजिटल थर्मामीटर, कपाटाला कुलूप, कानात घालायचे बोळे आणि हाताला लावायचं क्रीम. क्रीम विसरू नका खरंच, दिवसातून इतक्या वेळा हात धुता की आठवड्याभरात बोटांची पेरं फुटतात. नेलपॉलिश आणि अंगठ्या घरीच ठेवून या.

पायरी २: पहिल्या दिवशी किचन बघून घ्या, चुली नंतर

पहिल्या दिवशी सगळे ओव्हन आणि मोठमोठी यंत्रं बघत फिरतात. तुम्ही चार गोष्टी शोधा: गॅसचा मेन व्हॉल्व्ह, आग विझवायचं ब्लँकेट, अग्निशामक सिलिंडर, फर्स्ट एडचा डबा. रात्री झोपताना डोळे मिटून त्या कुठे आहेत ते आठवता आलं पाहिजे. तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात नाही, पाणी तेलाखाली जाऊन एका क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल सगळीकडे उडवतं. गॅस बंद, वरून झाकण किंवा ब्लँकेट, आणि पातेलं जागचं हलवायचं नाही. झाकण पटकन उघडून बघायचंही नाही, तेल तापलेलं असतं तोवर परत पेटू शकतं.

मग तिथली भाषा. कोणाच्या मागून जाताना "बिहाइंड", गरम भांडं हातात असेल तर "हॉट", कोपऱ्यावर वळताना "कॉर्नर", आणि शेफने काही सांगितलं की "येस शेफ". पहिले दोन दिवस ओरडायला लाज वाटते, नाटकात काम करतोय असं वाटतं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी न बोलता मागून उकळता सॉस घेऊन येतो आणि तुम्ही वळता, मग लाज जाते. "येस शेफ" याचा अर्थ "मी ऐकलं" एवढाच, समजलं नसेल तर लगेच पुढचा प्रश्न विचारायचा. न समजता येस शेफ म्हणणारी पोरं फार महागात पडतात.

हे सगळं थोडं लष्करी वाटतं, आणि त्याला कारण आहे. ऑग्युस्त एस्कॉफिए नावाचा फ्रेंच शेफ (१८४६ ते १९३५), तो १८७० च्या युद्धात सैन्यासाठी स्वयंपाक करत होता, आणि पुढे १८९० च्या दशकात लंडनच्या सव्हॉय हॉटेलात त्याने किचनची नीट तुकड्यांमध्ये वाटणी केली, सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, थंड पदार्थांचा वेगळा, सगळ्यांच्या वर एक प्रमुख. यालाच ब्रिगेड म्हणतात आणि तुमच्या शाळेतल्या ड्युटीच्या तक्त्यात तिचीच छोटी नक्कल असते. त्यामुळे आज सॉसवर आणि उद्या भांड्यांवर टाकलं तर कोणी तुमचा अपमान केलेला नाही, नाव चिकटवलेली चिठ्ठी खाली सरकली एवढंच.

पायरी ३: सकाळ

सकाळचा नियम एकच. क्लासच्या वेळेवर पोचणारा उशिरा पोचलेला असतो. पंधरा मिनिटं आधी, इस्त्रीच्या कोटात, केस बांधून, नखं कापून, आणि पोटात काहीतरी टाकून. ते शेवटचं सगळे सोडतात. "किचनमध्येच तर जातोय, खाऊ की काहीतरी" असं म्हणून उपाशी जातात आणि अकराच्या सुमारास ओव्हनसमोर डोळ्यापुढे अंधारी. माझ्या शेजारचा एक जण असाच पिठाच्या पोत्यावर बसकण मारून पांढराफटक झाला होता, बरं तरी की सुरी हातात नव्हती.

आत गेल्यावर हात धुवा, साबणाने निदान वीस सेकंद, मनगटापर्यंत. मग बोर्डाखाली ओलं पिळलेलं फडकं अंथरा म्हणजे बोर्ड सरकत नाही. हे इतकं साधं आहे आणि बोटं कापायच्या कितीतरी वेळा फक्त यामुळे टळतात. कच्चं मांस, मासे, भाज्या यांचे बोर्ड रंगावरून वेगळे असतात, तुमच्या शाळेत कुठला रंग कशाला ते भिंतीवर लावलेलं असतं, पाठ करून टाका.

आणि मग तो प्रसिद्ध शब्द, मीज आँ प्लास. म्हणजे सगळं जागच्या जागी. कापायचं ते कापून, मोजायचं ते मोजून, छोट्या वाट्यांमध्ये, हाताशी, आणि मगच गॅस पेटवायचा. सगळ्यांना हे तोंडपाठ असतं आणि कोणीच करत नाही, कारण समोरचा बर्नर पेटलेला दिसला की आपण मागे पडलो असं वाटतं. पडत नाही. पहिला अर्धा तास जो शांतपणे वाट्या भरतो ना तोच शेवटी प्लेट पुसत निवांत उभा असतो.

वाट्यांच्या आधी अजून एक काम, वेळेचा कागद, आणि तो उलटा लिहायचा. समजा साडेबाराला प्लेट द्यायचीये. मग १२:२५ ला प्लेटिंग, म्हणजे सव्वाबाराला प्लेटा गरम करायला ठेवायच्या, मांसाला आचेवरून काढल्यावर दहा मिनिटं विसावा हवा म्हणजे ते सव्वाबाराला बाहेर, भाजायला पंचवीस मिनिटं म्हणजे ११:५० ला आत, ओव्हन तापायला वीस मिनिटं म्हणजे साडेअकराला चालू. असं मागे मागे येत गेलं की कळतं की सॉस अकराच्या आतच तयार हवाय आणि आत्ता साडेदहा झालेत. पुढून लिहिलेला कागद नेहमी गोड वाटतो, उलटा लिहिलेला खरं बोलतो. हा कागद डोळ्यासमोर चिकटवा आणि जे झालं त्यावर काट मारा.

पायरी ४: सुरी आणि ती पट्टी

पहिले कित्येक आठवडे तुम्ही फक्त कापता. कांदा, गाजर, बटाटा, परत कांदा. ज्युलियन म्हणजे काडीसारखे तुकडे, साधारण ३ मिलिमीटर जाड, ३ रुंद आणि ५ सेंटीमीटर लांब, आणि त्याच काड्या आडव्या कापल्या की ब्रुन्वाज, ३ मिलिमीटरचे चौकोनी दाणे. ऐकायला सोपं. मग शेफ येतात, तुमच्या ढिगातून एक तुकडा उचलतात आणि काही न बोलता पट्टी लावतात. म्हणून पट्टी तुमच्याकडेच असू द्या, त्यांच्या आधी तुम्हीच लावा.

हे कशासाठी असं वाटतं, मलाही वाटायचं. पण एकाच पातेल्यात एक तुकडा ३ मिलिमीटरचा आणि दुसरा ८ चा असेल तर पहिला गळून जाईस्तोवर दुसरा कच्चाच राहतो. शोभा नंतरची गोष्ट आहे.

धरायचं कसं: पूर्ण हात सुरीच्या मुठीवर नको, अंगठा आणि तर्जनीने पात्याची सुरुवात चिमटीत धरायची. दुसऱ्या हाताची बोटं आत वळवलेली, पेरांना पातं घासत जातं, बोटांची टोकं मागे. पहिल्या आठवड्यात हे इतकं अवघड वाटतं की घरी दहा मिनिटांत होणारा कांदा पाऊण तास खातो. होऊ दे. वेग मागू नका, तो आपोआप येतो, आणि तर्जनीच्या बुडाशी एक घट्टा येतो तेव्हा समजायचं की आता हात बसला.

कांद्याने डोळे झोंबतात ते कांद्याच्या पेशी फुटल्यावर जो वायू सुटतो त्यामुळे. बोथट सुरी पेशी चेंगरते, धारदार सुरी कमी फोडते, म्हणजे रडू येत असेल तर आधी धार बघा. धारेचं अजून एक: स्टीलवर घासल्याने धार "लागत" नाही, वाकलेली कड सरळ होते फक्त. खरी धार दगडावर लागते, तिथे धातू झिजतो. स्टील रोज कामाआधी चार-सहा हात, दगड आठवड्या-दोन आठवड्यांनी, पंधरा ते वीस अंशाचा कोन धरून. कोन धरायला रविवारी दुपारी बसा, सीनियरला सोबत घ्या, त्यांना शिकवायला आवडतं फक्त त्यांच्या सुरीला हात लावू नका.

आणि सुरी सिंकमधल्या फेसाच्या पाण्यात कधीच टाकायची नाही. कधीच म्हणजे कधीच. हात घालणाऱ्याला ती दिसत नाही.

पायरी ५: गरम ते गरम, गार ते गार

थिअरीत हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि किचनमध्ये शेफ सगळ्यात जास्त इथेच चिडतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा टप्पा, तिथे अन्न रेंगाळू द्यायचं नाही. फ्रीज ५ च्या खाली, फ्रीझर उणे १८, कोंबडी आतून ७५ पर्यंत गेली पाहिजे आणि परत गरम करतानाही तेवढंच.

खरी गंमत गार करण्यात आहे. दहा लिटर स्टॉकचं (म्हणजे हाडं उकळून काढलेल्या पाण्याचं) पातेलं ओट्यावर ठेवून झोपायला गेलात तर मधला भाग सकाळीही कोमट असतो. आणि उकळतं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं तर बाकीचं सामानच तापतं. पहिल्या दोन तासांत ६० वरून २१ वर आणि त्यापुढच्या चार तासांत ५ वर आणायचं, असा नियम शिकवतात. त्यासाठी उथळ ट्रेमध्ये ओता, सिंकमध्ये बर्फाचं पाणी करून त्यात भांडं ठेवा, ढवळत राहा. मग झाकण, मग लेबल. लेबलवर काय आहे, कधी केलं, कोणी केलं. लेबल नसलेला डबा शेफ उघडूनही बघत नाहीत, थेट कचऱ्यात. माझं पाच तासांचं काम असं गेलंय एकदा.

स्टॉकचा विषय निघालाच आहे तर. गार पाण्यातून सुरू करायचा, खळखळून उकळू द्यायचा नाही, बुडबुडे संथ वर येत राहिले पाहिजेत, वर येणारा फेस काढत राहायचा. कोंबडीच्या हाडांना तीन-चार तास, मोठ्या हाडांना सहा-आठ, माशाला मात्र अर्धा तास बास, त्यापुढे कडू होतो. आणि मीठ घालायचं नाही. मी घातलं होतं. चव बघितली, अळणी लागली, म्हणून घातलं चिमूटभर चिमूटभर करत, छान लागला. दुसऱ्या दिवशी आमच्या गटाने तोच चार लिटर स्टॉक आटवून एक लिटर केला सॉससाठी. पाणी गेलं, मीठ सगळं तिथेच. शेफनी एक चमचा तोंडात घातला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "समुद्र कोणी आणला?" पुढचे दोन महिने माझं नाव समुद्र होतं.

बेकरीची पाळी आली की नियम बदलतात, तिथे अंदाज चालत नाही, सगळं वजनावर. पाणीसुद्धा मोजायच्या कपाने नको, काट्यावर. पीठ १०० धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यात, म्हणजे पाणी ६५ आणि मीठ २ टक्के असेल तर ५०० ग्रॅम पिठाला ३२५ ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम मीठ. एकदा ही रीत डोक्यात बसली की दोन पावांची रेसिपी दोनशे पावांना लावता येते.

पायरी ६: भाजलं, कापलं तर

होणारच, सगळ्यांना होतं. भाजलं की लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. दोन नाही, वीस. बर्फ नको, लोणी नको, टूथपेस्ट तर नकोच नको. फोड फोडायचा नाही. तळहाताएवढं किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर असेल तर सरळ डॉक्टर. साखरेच्या पाकापासून जास्त जपा, कॅरमल १६० अंशाच्या पुढे जातो, उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम, शिवाय चिकटून बसतो. कापलं तर दाबून धरा, धुवा, निळी पट्टी आणि वर ग्लोव्ह. पट्टी निळी का, तर अन्नात पडली तर चटकन दिसावी म्हणून. आणि शेफना सांगा, लपवू नका. लपवलेलं बोट रात्री ठणकतं आणि उद्याची ड्युटी जाते.

पायरी ७: भांडी

ही सगळ्यात लांब पायरी आहे असं समजा, कारण दिवसातला मोठा तुकडा इथेच जातो आणि ब्रोशरमध्ये याचा एकही फोटो नसतो.

काम करता करता साफ करत राहायचं, शेवटी एकदम नाही. पाणी उकळायला ठेवलंय ना, तेवढ्यात बोर्ड पुसा, दोन वाट्या धुवा. ज्याच्या ओट्यावर पसारा त्याच्या डोक्यात पसारा, असं आमच्या शेफ म्हणायच्या आणि त्या खरोखर आधी ओटा बघायच्या, मग प्लेट.

पॉट-वॉशची ड्युटी आली की क्रम लक्षात ठेवा: आधी सगळं खरवडून कचऱ्यात, मग काचेची भांडी, मग चमचे, मग प्लेटा, आणि तेलकट काळी पातेली शेवटी. उलटं केलंत तर ग्लासांना पातेल्याचा ओशट हात लागतो आणि परत सगळं. पाणी तेलकट झालं की बदला, जीवावर आलं तरी बदला. धुतलेलं फडक्याने पुसत बसू नका, पालथं घालून वाऱ्यावर वाळू द्या, फडकंच सगळ्यात घाण असतं. जळकं पातेलं लगेच घासायच्या मागे लागून हात मोडून घेऊ नका, त्यात पाणी आणि थोडा सोडा घालून उकळवा, निम्मं आपोआप सुटतं. गरम पातेलं कोणाला धुवायला देताना हँडलवर फडकं गुंडाळून ठेवा आणि तोंडाने "हॉट" म्हणा. हे न करणाऱ्याचं नाव भांडीवाले कधी विसरत नाहीत.

मला ही ड्युटी आधी शिक्षा वाटायची. नंतर लक्षात आलं की इथे उभं राहून सगळ्या किचनचा आरसा दिसतो. कुठल्या प्लेटमधून काय परत आलं, कुठल्या गटाचा सॉस बुडाशी लागला, कोण किती वाया घालवतं. एकदा लागोपाठ बारा प्लेटांमधून तीच एक भाजी परत आली, मी आत जाऊन चाखली तर कच्ची. शेफना तोवर पत्ता नव्हता.

पायरी ८: जेवण, म्हणजे तुमचं

दिवसभर अन्नात असता आणि उपाशी झोपता, हे ऐकून खोटं वाटेल. दिवसभर चमचा चमचा चाखून भूक मरते, मग रात्री दहाला भडकते, मग हॉस्टेलवर बिस्किटांचा पुडा. त्यामुळे स्टाफ मील, म्हणजे किचनमधल्यांसाठी केलेलं जेवण, असेल तेव्हा बसून जेवा, उभ्या उभ्या नाही. पाण्याची बाटली नाव घालून ओट्याखाली ठेवा, ओव्हनजवळ घाम इतका जातो की कळतही नाही. चाखायला दर वेळी नवीन चमचा, तोंडात घातलेला चमचा परत पातेल्यात गेला तर शेफ ते सगळं पातेलं ओतायला लावू शकतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. चाखायचं मात्र सोडू नका, कच्चं, अर्धं, पूर्ण, सगळ्या टप्प्यांवर चाखा. मला तर वाटतं शाळेत सगळ्यात जास्त शिकते ती जीभ.

कशाची ॲलर्जी असेल किंवा काही खात नसाल तर पहिल्याच दिवशी लेखी सांगून ठेवा, ऐन सर्व्हिसच्या, म्हणजे पाहुण्यांना प्लेटा जायच्या वेळी नको.

पायरी ९: हॉस्टेल

इथे एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. ऑफिसात भांडण झालं तर माणूस घरी जातो. इथे सकाळी ज्याच्याशी ओव्हनवरून वाजलं तोच रात्री शेजारच्या बेडवर घोरत असतो. माझी रूममेट आणि माझी किचन पार्टनर एकच होती. पहिल्या महिन्यात आम्ही बोलणं बंद केलं होतं, कारण काय तर तिने माझं फडकं घेतलं होतं. खरं कारण फडकं नव्हतंच, दोघींना चार तास झोप मिळत होती. शेवटी तिनेच ठरवलं की कोट काढून खुंटीला लावला की किचनचं बोलणं बंद, काय उणंदुणं काढायचंय ते सकाळी कोट घातल्यावर. लहान पोरांसारखं आहे पण चाललं बाई.

कपडे रोजच्या रोज. अंडं आणि रक्ताचे डाग आधी गार पाण्यात, गरम पाण्याने ते शिजून कापडात बसतात. तेलाच्या डागाला भांडी घासायचा लिक्विड साबण लावून मग धुवा. किचनचे बूट आणि कोट खोलीत आणू नका, निदान बेडपासून लांब ठेवा, तळणाचा वास उशीत मुरला की जात नाही. आल्यावर आधी अंघोळ, केसांसकट, कितीही दमलात तरी. मग दहा मिनिटं पाय भिंतीला वर टेकवून पडा. याने जे बरं वाटतं ते कुठल्याच क्रीमने नाही.

झोपेचं गणित आधीच मांडा. बेकरीची पाळी पहाटे चार-पाचला सुरू होते, म्हणजे रात्री नऊला दिवे बंद, आणि नेमकं तेव्हाच तुमची रूममेट संध्याकाळच्या सर्व्हिसमधून यायची असते. कानातले बोळे यासाठी. तिने आल्यावर मोठा दिवा लावायचा नाही, तुम्ही पहाटे अलार्म पाच वेळा स्नूझ करायचा नाही, हा करार पहिल्याच आठवड्यात करून टाका.

घरची आठवण येते, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जोरात, पहिल्या आठवड्यात नवलाईत कळत नाही. फोनची वेळ ठरवून ठेवा, दमून रडवेल्या आवाजात रात्री अकराला फोन केलात तर आई उद्याच्या गाडीने येईल. मी पाक जळला म्हणून रडत फोन केला होता आणि घरच्यांना वाटलं मीच जळले.

रोज झोपण्याआधी वहीत पाच ओळी. रेसिपी नको, ती छापील मिळतेच. आज काय बिघडलं, का बिघडलं, शेफनी कसं सावरलं. उदाहरणार्थ हॉलंडेज (लोणी आणि अंड्याच्या बलकाचा सॉस) फुटला, आच जास्त झाली, चमचाभर कोमट पाणी घालून परत फेटल्यावर जमला. सहा महिन्यांनी प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री हीच वही उपयोगी पडते, पुस्तक नाही.

पायरी १०: प्रॅक्टिकल

फार सांगण्यासारखं नाही, कारण वरचं सगळं केलं असेल तर हा एक नेहमीचा दिवस असतो, फक्त कोणीतरी मागे कागद घेऊन उभं असतं. मेनू सोपा निवडा आणि नीट करा. नवीन काहीही त्या दिवशी पहिल्यांदा करू नका. गरम पदार्थ गरम प्लेटमध्ये, गार पदार्थ गार प्लेटमध्ये, कड ओल्या फडक्याने पुसून. काही जळलं तर शांतपणे बाजूला ठेवा आणि उरलेलं वेळेवर द्या, एक गोष्ट कमी असलेली वेळेवरची प्लेट उशिरा आलेल्या संपूर्ण प्लेटपेक्षा बरी. आणि देऊन झाल्यावर ओटा साफ करूनच बाहेर पडा, परीक्षक गेलेले असले तरी, मार्क तिथेही असतात बऱ्याचदा.

रविवार संध्याकाळ

सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपा, अपराधी वाटून घेऊ नका. मग संध्याकाळी तासभर काढा: तीन कोटांना इस्त्री, सुरी दगडावर, बूट पुसून, मार्कर चालतोय का बघून, आठवड्याचा ड्युटी तक्ता फोनमध्ये फोटो काढून. सोमवारी बेकरी असेल तर दोन अलार्म लावा, एक उशाशी आणि दुसरा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, कपाटावर, रूममेटला आधी सांगून.